तात्यांच्या अकरा वह्या आणि साडेतीन एकरांचा माळ : वृक्षोद्यानाच्या नोंदी

खटाव तालुक्यातील आमच्या साडेतीन एकर माळावर २०२१ पासून वृक्षोद्यान उभे करण्याचे काम चालू आहे. त्या कामाच्या वहीतील निवडक नोंदी येथे देत आहे. ज्यांना आपल्या जागेत असेच काही करायचे आहे, त्यांना आमच्या चुका आधीच कळाव्यात, एवढाच हेतू आहे.

माझे वडील, तात्या, १९६४ ते २००१ या काळात जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षक होते. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेला माण-खटावात त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका पडला तरी वर्ष बरे गेले असे म्हणतात. पाटण, जावळी, वाई, माण अशा बदल्या होत गेल्या, तसे तात्या त्या त्या गावच्या झाडांचे बी गोळा करत गेले, शाळांच्या आवारात रोपे लावत गेले आणि कोणते बी कोठून आणले, किती उगवले, किती जगले, हे वह्यांत लिहीत गेले. अशा अकरा वह्या आहेत. १९६७ साली शाळेची सहल घेऊन ते मुंबईला राणीच्या बागेत गेले होते. १८६१ पासूनच्या त्या बागेत झाडांच्या बुंध्यांवर नावांच्या पाट्या त्यांनी पाहिल्या आणि आपल्या गावातही प्रत्येक झाडाला नाव असलेली एक जागा असावी, हे तेव्हापासून त्यांच्या मनात राहिले. मी बँकेतील नोकरी सोडून गावी आले, तेव्हा ते ७८ वर्षांचे होते.

२१ मार्च २०२१

खड्डे घेण्यास सुरुवात केली. माळावर वीतभर माती आहे, तिच्याखाली मुरूम आणि काही ठिकाणी सरळ कातळ. टिकाव आणि पहार घेऊन दोन माणसांचे दिवसाला चारच खड्डे होऊ लागले, तेव्हा जेसीबी लावला. तासाला १,००० रुपये दराने १६ तासांत, पंचवीस-पंचवीस फुटांवर, तीन फूट लांब, रुंद आणि खोल असे २४० खड्डे झाले. ते उन्हाळाभर तापू द्यायचे आहेत.

तात्या काठी टेकत माळावर आले आणि म्हणाले, "प्रत्येक खड्ड्यात घागरभर पाणी ओतून बघ. सकाळपर्यंत राहिलं, तर त्या खड्ड्यात झाड लावू नकोस." विहिरीला पाणी कमी होते आणि खड्डे २४० होते, म्हणून मी ते केले नाही.

२७ जून २०२१

लागवड झाली. एकूण १९८ रोपे लावली. त्यांतील १४६ तात्यांनी घरामागे पिशव्यांत वाढवलेली होती आणि ५२ विकत आणली. विकतची रोपे प्रत्येकी २२० रुपयांना पडली, म्हणजे ११,४४० रुपये. ती पाच-सहा फूट उंच होती. माळ लवकर हिरवा दिसावा, असा मोह मला झाला. तात्यांनी पिशव्या दाबून पाहिल्या आणि मान हलवली, पण पैसे आधीच दिलेले होते.

प्रत्येक रोपाला प्लॅस्टिकची पट्टी बांधून तिच्यावर मार्करने नाव, क्रमांक आणि बी कोठले ते लिहिले. मोठ्या वनस्पती उद्यानांत पाळतात तीच पद्धत आम्ही घेतली. एका जातीचे, एका ठिकाणाहून, एका वेळी आणलेले बी किंवा रोपे यांना एकच क्रमांक द्यायचा, त्यात वर्ष आधी आणि अनुक्रम नंतर, आणि झाड मेले तरी तो क्रमांक पुन्हा कोणाला द्यायचा नाही.

२५ जुलै २०२१

तीन दिवसांची झड लागली. याच पावसाने पश्चिमेकडे पाटण तालुक्यात दरडी कोसळून माणसे गेली, आमच्याकडे फक्त माळ भिजला, त्यामुळे तक्रार करण्याचा अधिकार नाही. पण ३१ खड्ड्यांत पाणी साचून राहिले आहे. कठीण मुरमात घेतलेला खड्डा म्हणजे दगडी हौदच असतो. वरून भुसभुशीत माती भरली की आजूबाजूचे पाणी तिच्यात येऊन मुरते आणि खालून जायला वाट नसते. मुळे पाण्यात कुजतात आणि वरून रोप पाण्यावाचून सुकल्यासारखे दिसते. ते तसे दिसले म्हणून मी दोन दिवस त्यांना आणखी पाणी घातले.

८ ऑगस्ट २०२१

उताराच्या बाजूने प्रत्येक साचलेल्या खड्ड्याला हातभर रुंद चर काढून दिला. सात मजूर, सहा दिवस, १४,७०० रुपये. तरीही ३१ पैकी १९ रोपे गेली. जेथे चर काढूनही पाणी हटले नाही, अशा पाच जागी दीड फूट उंच मातीचा उंचवटा करून त्यावर नवे रोप लावणार आहोत आणि सर्वांत ओल्या दोन जागा ताम्हणाला दिल्या आहेत. ताम्हण हे आपले राज्यपुष्प असले, तरी ते मुळात ओढ्याकाठचे झाड आहे. माळावर ते शोभेसाठी लावून पाण्यावाचून मारण्यापेक्षा हे बरे.

घागरीची परीक्षा प्रत्येकाने करावी. २४० घागरी पाण्यासाठी टँकर आणला असता, तरी त्याचा खर्च या चरांच्या दहाव्या हिश्श्याइतकाही झाला नसता.

२ सप्टेंबर २०२१

विकतच्या रोपांना नवी पालवी आली, तेव्हा तात्यांना एकेक रोप दाखवत फिरले. त्यांना एका डोळ्याने कमी दिसते, म्हणून ते पान बोटांत धरतात, चुरगळतात, हुंगतात. "अशोक" म्हणून घेतलेली सहाही रोपे आसूपालव निघाली. रस्त्यांच्या कडेला सरळ सुळक्यासारखे वाढणारे, लाटांसारख्या कडांच्या पानांचे ते झाड आहे, आणि त्याला अशोक म्हणण्याची पद्धत इतकी रुळली आहे की विकणाऱ्याने फसवले असेही म्हणता येत नाही. आम्हाला हवा होता तो सीता अशोक, ज्याची कोवळी पाने तांबूस होऊन मलूल लोंबतात आणि नारिंगी फुलांचे गुच्छ थेट जुन्या फांद्यांवर येतात.

"रक्तचंदन" म्हणून आणलेली चार रोपे रतनगुंज आहेत. तात्यांनी खूण सांगितली ती येथे लिहून ठेवते. रक्तचंदनाच्या पानाला बहुधा तीनच मोठ्या, गोलसर पर्णिका असतात आणि शेंग गोल चकतीसारखी, भोवती पंख असलेली असते. रतनगुंजेचे पान दोनदा विभागलेले, पुष्कळ लहान पर्णिकांचे असते आणि तिचे लालभडक, चकचकीत बी पाहूनच लोकांचा घोटाळा होतो. दहाही रोपे ठेवली आहेत, पण खऱ्या नावाने. पावतीवरचे नाव पट्टीवर उतरवू नये, झाड पाहून लिहावे.

१२ डिसेंबर २०२१

पूर्वेकडील काटेरी तार तीन ठिकाणी तोडलेली आढळली आणि १४ रोपांचे शेंडे खाल्लेले होते. मला राग आला. पण तात्यांनी शांतपणे विचारले, "कुठून गेल्या मेंढ्या?" त्यांची वाट आमच्याच माळातून जाते. दिवाळीनंतर मेंढपाळ कळप घेऊन खाली जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, तेव्हा ते याच वाटेने जातात. ती वाट आमच्या सातबाऱ्यावर नसली, तरी माझ्या आजोबांच्या आधीपासूनची आहे आणि आम्ही तिच्यावर आडवी तार ओढली होती.

मेंढपाळांना बोलावून बोलणे केले. पूर्व कडेने बारा फुटांची वाट मोकळी सोडली, तार आत घेतली आणि वाटेवर पाण्याचा एक हौद बांधला. १८ खड्डे वाया गेले आणि हौदाला ९,००० रुपये लागले. त्यानंतर आजपर्यंत एकही मेंढी आत आलेली नाही. परतताना त्यांनी आमच्या खालच्या पडीक तुकड्यात दोन रात्री मेंढ्या बसवल्या, आणि ते लेंडीखत आळ्यांना मिळाले. पैसे घ्या म्हटले, तर त्यांनी घेतले नाहीत.

तारेच्या आतून सागरगोट्याचे कुंपण लावण्यास सुरुवात केली आहे. बी कठीण असते, ते खरखरीत दगडावर घासून रात्रभर पाण्यात ठेवले नाही, तर वर्षभर मातीत तसेच पडून राहते.

२२ मे २०२२

आज सर्वांत मोठे नुकसान कळले, आणि ते झाडांच्या मरण्याचे नाही.

जिवंत असलेल्या १७१ रोपांपैकी ५८ रोपांच्या पट्ट्या गेल्या आहेत. काही उन्हाने ठिसूळ होऊन हातात तुकडे होतात, काहींवरचा मार्कर उडून पट्टी कोरी झाली आहे, काही माकडांनी ओढून टाकल्या. पट्ट्या वर्षभर टिकतील, हे मी गृहीत धरले होते. कागदावर नकाशा काढला होता, पण तो अंदाजाने, आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावताना त्यात बदल केले नव्हते.

तात्यांनी दोन दिवसांत ५१ रोपांची जात सांगितली. उरलेली सात त्या वेळी निष्पर्ण होती. पण जात सांगता आली, म्हणजे ओळख परत मिळाली असे नाही. अकरा हिरडे आहेत. त्यांतील पाच पाटणच्या एका झाडाच्या बियांचे आणि सहा जावळीतील एका देवराईच्या कडेच्या झाडाचे. जावळीचे ते झाड पुढे रस्त्यासाठी तोडले गेले, हे तात्यांच्या वहीत आहे. आता त्या अकरांपैकी कोणते सहा जावळीचे, हे कोणीही, कधीही, पान पाहून, फूल पाहून किंवा फळ पाहून सांगू शकणार नाही. तात्या बराच वेळ त्या रांगेत उभे राहिले. मग म्हणाले, "जागा कोरी ठेव. अंदाजानं लिहू नकोस." नोंदवहीत अकराही हिरड्यांच्या पुढे "मूळ ठिकाण : अज्ञात" असे लिहिले.

एखादा माळ झाडांनी भरणे आणि वृक्षोद्यान करणे यांत हाच फरक आहे. झाडाची जात फूल आल्यावर केव्हाही ठरवता येते, पण ते कोठून आले ही गोष्ट एकदा हरवली की हरवली.

१९ जून २०२२

पट्ट्यांचा नवा प्रकार ठरला. थंड पेयांच्या ॲल्युमिनियमच्या डब्यांचा पत्रा कात्रीने कापून, खाली जाड वर्तमानपत्र ठेवून, शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून लिहायचे. अक्षरे पत्र्यात कोरली जातात, त्यामुळे शाई उडण्याचा प्रश्न राहत नाही. पट्टी झाडाला बांधायची नाही. आधी मी तांब्याची तार खोडाभोवती घट्ट वळवली होती आणि शिवणीच्या दोन झाडांच्या सालीत ती रुतून वरचा भाग सुकला. आता लोखंडी गजाचा फूटभर तुकडा झाडाच्या उत्तरेला रोवून त्याला पट्टी अडकवतो. गजासह एका पट्टीचा खर्च ३५ रुपये.

नकाशासाठी मोबाइलवरील जीपीएस वापरून पाहिले. ते चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवते, आणि दाट लावलेल्या भागात तेवढ्या अंतरात दुसरेच झाड येते. म्हणून दोन सिमेंटचे खांब पक्के रोवून, प्रत्येक झाडाचे दोन्ही खांबांपासूनचे अंतर शंभर मीटरच्या टेपने मोजले. येथेही चूक झाली. खांब माळाच्या मध्यभागी रोवले होते, आणि दोन अंतरांवरून खांबांच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक जागा निघते. ८० झाडे मोजून झाल्यावर घरी नकाशा काढताना हे लक्षात आले. खांब काढून दक्षिणेकडील बांधावर, एकमेकांपासून साठ मीटरांवर रोवले. आता सगळी झाडे रेषेच्या एकाच बाजूला आहेत. चार दिवस गेले, पण हा नकाशा पट्ट्या नसल्या तरी उपयोगी पडेल.

५ ऑक्टोबर २०२२, दसरा

फाटकाजवळच्या तिन्ही आपट्यांची सगळी पाने रात्रीतून ओरबाडून नेली. झाडे जेमतेम चार फूट उंच आहेत. गावात आपटा उरला नाही म्हणून लोक कांचनाची पाने वाटतात, आणि येथे "आपटा" अशी ठळक पाटी लावून मीच तो दाखवून दिला होता. पुढील पावसाळ्यात शाळेतील प्रत्येक मुलाला एकेक आपट्याचे रोप द्यायचे, असे तात्यांनी ठरवले आहे. बी तयार आहे.

२६ फेब्रुवारी २०२३

रस्त्याच्या बाजूने वणवा आला. कुसळी गवत गुडघाभर वाढून वाळले होते आणि जाळरेषा, म्हणजे वणवा अडवण्यासाठी गवत काढलेला पट्टा, काढायची माझ्या यादीत असूनही राहून गेली होती. अर्ध्या तासात पाऊण एकर जळाले. वस्तीवरचे लोक ओल्या फांद्या आणि गोणपाट घेऊन धावले, म्हणून तेवढ्यावर थांबले. ३४ रोपे होरपळली आणि ठिबकच्या नळ्या वितळल्या. दुरुस्तीला ११,२०० रुपये लागले.

संध्याकाळी राखेतून फिरताना पत्र्याची एकेक पट्टी उचलून पदराने पुसली. काळी पडली होती, पण दाबलेले अक्षर न् अक्षर वाचता येत होते. "२०२१/०४४, पळस, दहिवडी रस्ता." शेजारी बोटभर जळका खुंट.

पुढील नोंद आताच जोडते. जूनमध्ये त्या ३४ पैकी १९ रोपे बुंध्यातून पुन्हा फुटली. पळस सगळे फुटले, बकुळ एकही नाही. डिसेंबरात बारा फूट रुंद पट्टा खरवडून, त्यातील गवत वस्तीवरच्या जनावरांना देणे, हे आता दरवर्षीचे काम आहे. खर्च ३,६०० रुपये.

२८ मे २०२३

वळवाच्या वादळात नऊ झाडे आडवी झाली आणि नऊही विकत आणलेल्यांपैकी. वरून ती सर्वांत देखणी होती, आठ-नऊ फूट उंच, भरगच्च. एक बहावा उपसून पाहिला. दोन वर्षे जमिनीत असूनही त्याची मुळे पिशवीच्या आकारातच होती. डोक्यावर घागर ठेवण्यासाठी लुगड्याची चुंबळ वळावी, तशी गोल गोल वळलेली आणि एकमेकांवर आवळलेली. मनगटाएवढे सोटमूळ तळाशी पोहोचून तेथूनच वर वळले होते. बाहेरच्या मुरमात शिरलेली मुळे सुतळीएवढी.

तात्यांनी लागवडीच्या दिवशी पिशवी दाबून मान का हलवली होती, ते आज कळले. पिशवी दगडासारखी लागली, तर आत माती उरलेली नसते, नुसते मूळ असते.

उपाय म्हणून आता एका पावसाळ्याचे, दीड-दोन फुटांचे रोपच लावतो. पिशवीचा तळाचा इंचभर भाग धारदार कोयत्याने कापून टाकतो आणि बाजूने तीन उभे छेद देतो. वळलेले मूळ तुटले तरी चालते, ते वळलेलेच राहिले तर चालत नाही. अंजनासारख्या खोल सोटमुळाच्या झाडाला पिशवीत वाढवायचेच नाही, बी थेट जागेवर टोकायचे.

९ सप्टेंबर २०२३

ऑगस्ट कोरडा गेला. देशभराची नोंद पाहता १९०१ पासूनचा हा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि खटाव-माणला तर असाही पाऊस परतीचाच. विहीर तळाला गेली आहे. आज पहिला टँकर आणला.

१४ एप्रिल २०२४

उन्हाळ्यात आजवर २२ टँकर झाले, १,२०० रुपयांप्रमाणे २६,४०० रुपये. ओल टिकावी म्हणून आळ्यांत उसाचे पाचट वीतभर पसरले होते. ओल टिकली, पण पाचटाखालून वाळवी चढली आणि बारा रोपांच्या बुंध्याची साल तिने चारी बाजूंनी खाल्ली. पाचट चुकीचे नव्हते, ते खोडाला टेकवले हे चुकले. आता खोडाभोवती हातभर जागा मोकळी ठेवतो आणि आळ्यात निंबोळी पेंड मिसळतो.

दुष्काळात काय टिकले, ते महत्त्वाचे आहे. हिवर, खैर, पळस, मेढशिंगी, सालई आणि धावडा यांना आम्ही पाणी दिलेच नाही, तरी ती उभी आहेत. महाबळेश्वर-जावळीकडून आणलेल्या बियांचे पिसा हे झाड मात्र एकही उरले नाही. तात्यांचा त्याच्यावर जीव होता. "तिथल्या धुक्याशिवाय ते राहायचं नाही, मला ठाऊक होतं," एवढेच ते म्हणाले. पुन्हा लावू का, असे विचारले, तर नाही म्हणाले.

धावड्याविषयी थोडे अधिक. त्याचे बहुतेक बी पोकळच असते. आम्ही दोन पसे बी पेरले तेव्हा नऊ रोपे मिळाली. बी कमी पेरून वाट पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, दोष त्यांच्या हाताचा नसतो.

३० जून २०२४

अंजन आणि अंजनी. हा घोटाळा माझा आहे आणि तो सविस्तर लिहिते.

गेल्या पावसाळ्यात तात्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात असताना मी त्यांच्या "अंजन" लिहिलेल्या पिशव्यांतील १४ रोपे माळाच्या सर्वांत वरच्या, कोरड्या मुरमात लावली. अंजन हे कोरड्या प्रदेशातील, कातळात मूळ घालणारे कणखर झाड आहे, म्हणून ती जागा निवडली. नोंदवहीत हार्डविकिया बायनाटा असे शास्त्रीय नावही लिहिले. दिवाळीपर्यंत १४ पैकी १० रोपे वाळली.

आज उरलेल्या चार रोपांपुढे तात्यांना नेले. त्यांनी पान हातात घेतले, जाड, चकचकीत, समोरासमोर आलेले. म्हणाले, "बाळ, ही अंजनी आहे. महाबळेश्वरची." सदाहरित, निळ्या-जांभळ्या फुलांनी उन्हाळ्यात फांद्या मढवणारी ती अंजनी, म्हणजे मेमेसायलॉन अंबेलाटम. खऱ्या अंजनाचे पान दोन जुळ्या पर्णिकांचे, आपट्याच्या पानाची आठवण करून देणारे असते. मी पान पाहिलेच नव्हते, पिशवीवरचे अक्षर पाहिले होते. पाटण-जावळीकडे अंजनीलाच पुष्कळ जण अंजन म्हणतात आणि तात्यांनी पिशवीवर तेथील माणसांचा शब्द लिहिला होता.

उरलेली चार अंजनी विहिरीजवळ आंब्याच्या सावलीत हलवली. त्यांतील तीन जगली. यापुढे प्रत्येक नोंदीत गावचे नाव, ते नाव ज्या गावात वापरतात त्या गावाचे नाव आणि शास्त्रीय नाव, असे तीन रकाने आहेत. शास्त्रीय नाव तात्यांनी झाड पाहिल्यावरच भरायचे. ज्या जातींबद्दल त्यांनाही खात्री नाही, त्यांची फूल किंवा फळ असलेली डहाळी वर्तमानपत्रात दाबून ठेवतो. अशा शंकेच्या जातीला नुसत्या पानांच्या डहाळीवरून जाणकार सहसा नाव देत नाहीत आणि देऊही नये.

१८ ऑगस्ट २०२४

चंदनाची वीस रोपे २०२२ मध्ये लावली होती, त्यांतील सोळा वर्षभरात पिवळी पडून गेली. चंदन दुसऱ्या झाडाच्या मुळांना आपली मुळे जोडून पोषण घेते, आणि मी त्यांना प्रेमाने चांगली तणमुक्त, एकटी जागा दिली होती. यंदा पिशवीतच प्रत्येक रोपाशेजारी तुरीचे दोन दाणे टोकले आणि लावतानाही भोवती तूर पेरली. बारापैकी अकरा हिरवीगार आहेत. चंदनाची नोंद सातबाऱ्यावर आताच करून घेतली आहे, ती नसली तर पुढे अडते.

हुमणीने, म्हणजे मातीत राहणाऱ्या भुंग्याच्या अळीने, याच महिन्यात रोपवाटिकेतील तीस रोपांची मुळे खाल्ली. कारण अर्धवट कुजलेले शेणखत. ते खत मीच घाईने आणले होते. पुढील वर्षी वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर जमणारे भुंगे फांद्या हलवून गोळा करायचे आहेत.

६ एप्रिल २०२५

वह्यांची नक्कल करण्याचे काम चालू आहे. तात्यांना आता वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचते आणि ते आठवेल तेवढे जोडतात. अकरांपैकी सात वह्या झाल्या. आज तिसऱ्या वहीतील १९७२च्या दुष्काळातील नोंद निघाली. "पाझर तलावाच्या कामावर सुट्टीत हजर. बांधावर करंज ४०, मजुरांच्या मुलांनी लावले. पाणी टोपलीतून." पुढे वेगळ्या शाईत, "१९७४, जगले ११."

दुपारी मी त्या तलावावर गेले. बांधाच्या दक्षिण टोकाला तीन करंज उभे आहेत, दोघांच्या कवेत न मावणारे. शेंगा पिकल्या होत्या. तिन्ही झाडांच्या शेंगा वेगवेगळ्या पिशव्यांत घेतल्या. घरी आल्यावर तात्यांनी पिशव्या मांडीवर घेतल्या आणि प्रत्येकीतील एक शेंग बोटांनी चाचपली. मग विचारले, "उरलेले आठ कुठं गेले, कोणी सांगितलं का?" बांध वाढवताना काढले, असे गुराख्याने सांगितले होते. ते तसेच वहीत लिहायला लावले.

१३ जुलै २०२५

आजची स्थिती. जिवंत झाडे १८७, जाती ६३. पट्टी, नकाशा आणि वही या तिन्ही ठिकाणी नोंद जुळणारी १५४. मूळ ठिकाण अज्ञात असलेली ३२. २०२२ मध्ये निष्पर्ण असलेल्या सातांपैकी सहांची जात पुढे ठरली. सातवे अजून राहिले आहे. तात्यांच्या मते ते वारस किंवा पाडळ यांपैकी एक झाड असावे, पण फूल आल्याशिवाय ते नाव सांगायला तयार नाहीत, म्हणून त्याच्या पट्टीवर केवळ क्रमांक आहे.

करंजाच्या तीन झाडांच्या बियांना २०२५/०१४, ०१५ आणि ०१६ हे क्रमांक दिले. पेरलेल्या ३६ बियांपैकी २९ उगवल्या आहेत. पिशव्यांतील मुळे तळाला टेकण्याआधी, म्हणजे पुढील तीन आठवड्यांत, त्या लावायच्या आहेत. खड्डे बारा घेतले आहेत. काल संध्याकाळी प्रत्येकात घागरभर पाणी ओतले होते. आज सकाळी दहा कोरडे होते, दोन सोडून दिले.